एका बिडीचा थांबा

कंडक्टर म्हणून पहिल्या दिवशी गाडीत चढले, तेव्हा मला सांगण्यात आलं की परतूर ते आष्टी अंतर दीड बिडीचं आहे. सांगणारे आमचे ड्रायव्हर. मी हसले. ते हसले नाहीत.

"ताई, किलोमीटर मशीनमधी घाला," ते म्हणाले. "माणसाला सांगताना बिडीत सांगा. म्हंजी त्याला बराबर कळतं."

त्यांना त्या रस्त्यावरचं शेंबडं पोरसुद्धा मामा म्हणायचं, म्हणून मीही मामाच म्हणू लागले. उंच, काटकुळे, खाकी शर्टाची गळ्याजवळची गुंडी उन्हाळ्यातही लावलेली. मिशीची उजवी बाजू पांढरी आणि डावी पिवळी, कारण बिडी कायम डाव्या कोपऱ्यात. स्टेअरिंग पुसायला घरून धुतलेला पंचा आणायचे. त्या पंच्यानं दुसऱ्या कुणी घाम पुसला तर दिवसभर त्याच्याशी बोलायचे नाहीत.

बोलायचे तेही आरशातून. मागच्या माणसाशी बोलताना त्यांनी मान वळवलेली मी कधी पाहिली नाही. डोक्यावरच्या आरशात बघायचे आणि त्यातल्या माणसाला उत्तर द्यायचे. "आरसा दिलाय सरकारनं, मंग मान कामून झिजवायची?" हे इथवर ठीक होतं. पण एकदा त्यांच्या घरी गेले तर तिथंही खुर्चीसमोरच्या भिंतीला हातभर लांबीचा आरसा. मामी पाठीमागं स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या आणि मामा आरशात बघून त्यांच्याशी भांडत होते. मामींना त्याचं काहीच वाटत नव्हतं. उलट त्या म्हणाल्या, "बरं हाय की. तोंड इकडं केलं की धूर बी इकडं येतो."

घाई हा शब्द मामांना माहीत नव्हता. रस्त्यात म्हैस बसली तर हॉर्न देऊन झाल्यावर उतरून तिच्याशी दोन शब्द बोलायचे. मागून कुणी ओरडलं की आरशात बघून विचारायचे, "जल्दी काय हाय? आष्टी कुठं पळून चालली?"

पण एक नियम कडक होता. गाडीत बिडी नाही. स्टेअरिंगवर हात असताना बिडी म्हणजे त्यांच्या लेखी चपला घालून देवळात जाणं. परतूरहून निघालं की कॅनॉलच्या फाट्यावर उतरून अर्धी ओढायचे, विझवून कानामागं ठेवायचे. ती अर्धी परतीच्या वेळी फाट्यावरच संपवायची. आष्टीला मात्र नवी, कोरी, पूर्ण. "आष्टीला शिळी बिडी वढायची न्हाई. गावाचा अपमान होतो."

आष्टीतली ती पूर्ण बिडी म्हणजे मोठा कार्यक्रम होता. स्टँडवरच्या लिंबाखाली गाडी उभी राहायची. मामा हँडब्रेक ओढायचे, तो कर्रर्र करून ओरडायचा, आणि हँडब्रेकवरून उठलेला हात मधे कुठंही न थांबता थेट शर्टाच्या खिशात जायचा. समोरच्या हॉटेलातले चाचा कर्रर्र ऐकलं की चहा उकळायला टाकायचे आणि हातात पेटती काडी घेऊन बाहेर यायचे. मामा तोंड पुढं करायचे. पंचवीस वर्षांत त्यांनी आष्टीत स्वतःची काडी ओढली नव्हती म्हणे.

आणि गाव? गाव त्या बिडीवर चालायचं. बिडी पेटली की परतूरला जाणारी माणसं चहा सांगायची. अर्धी झाली की बायका मेथीच्या जुड्या गाठोड्यात बांधायच्या. थोटूक टाचेखाली गेलं की सगळे उठायचे. टाइमटेबल डकवलेलं होतं, पण ते वाचताना मी कुणाला पाहिलं नाही. शाळेतले एक गुरुजी शेवटचा तास संपता संपता हॉटेलात फोन लावायचे आणि एवढंच विचारायचे, "पेटली का?" चाचा सांगायचे, "आधी हुई, आव जल्दी." गुरुजी धावत सुटायचे.

माझंही तसंच झालं होतं. पहिला महिनाभर मला त्या धुराचा राग यायचा. मग लक्षात आलं की एका बिडीत आपल्या दोन पोळ्या आणि भाजी आरामात होते. दुपारी आष्टी आली की कर्रर्र ऐकून माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. हे मी मामांना तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचं बरंच समजायला सोपं गेलं असतं.

पुढचं सुरू झालं ते मामींमुळं.

मामी बुटक्या, गोल, आणि जिभेनं धारदार. त्यांच्या कमरेला मिसरीची डबी असायची. सकाळी मामा ड्युटीला निघाले की उंबऱ्यावर बसून तासभर मिसरी लावायच्या. त्यांच्या गालाच्या आतल्या बाजूला काही दिवसांपासून तिखट लागलं की आग व्हायची. मामांना सुटी नव्हती, म्हणून माझ्या साप्ताहिक सुटीला मी त्यांना जालन्याला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तरुण होती. टॉर्च लावून बघितलं आणि मला खुणेनं जवळ बोलावलं. गालाच्या आत नखाएवढा पांढरा डाग होता.

"मिसरी आजपासून बंद," ती म्हणाली. "तीन महिन्यांनी दाखवा. डाग गेला नाही तर तुकडा काढून तपासावा लागेल."

मामींनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं, जणू शेजारणीबद्दल चाललंय. परतीच्या गाडीत खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ह्यांना सांग. ह्यांनी बिडी सोडली की मी मिसरी सोडते. आधी न्हाई."

"मामी, डाग तुमच्या तोंडात आहे."

"आसंल. पर मी डबी टाकायची आन् ह्यांनी माझ्या म्होरं धूर काढत बसायचं? लगीन झाल्यापासून थोटकं झाडते मी. सोडायचं तर दोघांनी. न्हाई तर बिलकुल न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी मामांना हे शब्दशः सांगितलं. डाग नखाएवढा आहे हेही सांगितलं. फाट्यावर ते उतरले, खिशातून बंडल काढलं, कॅनॉलच्या पाण्यात भिरकावलं. काडेपेटी राहिली होती, तीही टाकली. गाडीत चढून पंच्यानं हात पुसले.

"झालं. सुटली," ते म्हणाले.

आष्टी यायला वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ ती खरंच सुटली होती.

लिंबाखाली गाडी थांबली. कर्रर्र झालं. हात खिशात गेला. खिसा रिकामा. हात बाहेर आला आणि पुन्हा गेला. तीनदा असं झालं. तेवढ्यात चाचा पेटती काडी घेऊन हजर. मामा त्या काडीकडं बघत राहिले आणि मग त्यांनी ती फुंकून विझवली. चाचा घाबरले. मामा वळले, गाडीत जाऊन बसले आणि इंजिन सुरू केलं. मी हॉटेलच्या बाकावर डबा उघडत होते, ती धावत जाऊन चढले. मामा सीटवर बसले की मी दोरी ओढते, ही माझ्या हाताची सवय. ओढली. घंटी वाजली, गाडी निघाली.

मैलभर गेल्यावर मी तिकिटं काढायला उठले आणि मागं वळून बघितलं.

"मामा," मी म्हणाले, "गाडीत आपण दोघंच आहोत."

मामांनी आरशात बघितलं. आरशात मी आणि रिकाम्या सीटा. आष्टीला अकरा प्रवासी, मेथीची दोन गाठोडी आणि माझा डबा राहिला होता.

गाडी वळवून आणली तेव्हा स्टँडवर सभाच भरली होती. गुरुजी सगळ्यात संतापलेले. "मामा, मी फोन केला होता. पेटली नाही असं कळलं. म्हणून सावकाश आलो!" एक म्हातारेबाबा काठी आपटत म्हणाले, "बिडी न वढता गाडी काढणं म्हंजी लोकायची फसवणूक हाय." मामा सगळ्यांची माफी मागत होते आणि त्यांचा हात अधूनमधून खिशात जात होता.

दुसऱ्या दिवशी ते खिशात फुटाणे घालून आले. कल्पना चांगली होती. हात खिशात गेला तर काहीतरी सापडावं. आष्टीला हात खिशात गेला, फुटाणा घेऊन वर आला, फुटाणा ओठांच्या डाव्या कोपऱ्यात बसला, चाचांनी काडी पुढं केली आणि मामांनी तोंड पुढं केलं. मिशी थोडक्यात वाचली. चाचा आणि मामा एकमेकांकडं बघत राहिले. मग मामांनी फुटाणा चावून खाल्ला, जणू आधीपासून तेच ठरलं होतं.

प्रवाशांनी तोडगा काढला. त्यांना मामांची बिडी सुटण्याचं दुःख नव्हतं, पण गाडी कधी सुटणार हे कळायला हवं होतं. म्हातारेबाबा पुढारी झाले. "पेटवू नगा. निस्ती तोंडात धरून हुबे ऱ्हावा. आमाला दिसली की बस."

मला ते पटलं नाही. पण खरं सांगायचं तर माझाही त्यात स्वार्थ होता. गेले दोन दिवस मी उपाशी होते. मी गप्प बसले.

दोन दिवस मामा न पेटवलेली बिडी तोंडात धरून लिंबाखाली उभे राहिले. लोक चहा प्यायले, मी दोन पोळ्या खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी बघते तर धूर. मी धावत गेले.

"मामा, हे काय?"

"मला ठाव न्हाई ताई. आपोआप पेटली."

आपोआप कशी पेटेल? चाचा मागं उभे होते, बोटांत विझलेली काडी. त्यांचे डोळे भरून आले होते. "मैं क्या करूं बेटी," ते म्हणाले. "पच्चीस साल से हाथ उधरीच जाता. इनो मुंडी आगे करे, मैं लगा दिया. दोनोंको पताच नै."

त्याच आठवड्यात दुसरे एक ड्रायव्हर आजारी पडले आणि महिनाभरासाठी मामांना लांबच्या गाडीवर टाकलं. परतूरहून जालना, तिथून केदारखेड्यावरून भोकरदन, आणि परत. गाडी नवी. तिच्या हँडब्रेकला कर्रर्र नव्हतं, नुसतं फुस्स व्हायचं. रस्त्यावर ओळखीचं कुणी नाही. काडी घेऊन कुणी बाहेर येत नाही. लिंब नाही, फाटा नाही.

महिन्यानं मामा परत आले ते हनुवटी वर करून. मिशीची डावी बाजूसुद्धा फिकट झाली होती.

"एक बी न्हाई," त्यांनी मला सांगितलं. "आठवण बी न्हाई आली. केदारखेड्याला धा मिनिटं थांबायची गाडी. मी निस्ता हुबा ऱ्हायचो. लोक वढून राह्यलेत, मी बघून राह्यलोय. कायबी न्हाई वाटलं."

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. मामा खुर्चीत बसून आरशात बघत मामींना म्हणत होते, "चल, डबी टाक आता. महिना झाला."

मामींनी भाकरी उलटली. "केदारखेड्याला कोण वळखतं तुमाला? तिथं तर मी बी मिसरी सोडीन. आष्टीला सोडा, मंग मानते."

मला वाटलं, ही बाई जरा जास्तच अडून बसली आहे. दोन दिवसांनी कळलं की या सगळ्यात खरं डोकं तिलाच आहे.

जुनी गाडी, जुना रस्ता. फाट्यावर मामा उतरले नाहीत, मी मनात शाबासकी दिली. आष्टी आली. लिंब आला. कर्रर्र झालं. चाचांना मी आधीच फोन करून सांगितलं होतं, त्यामुळं ते आत दडून बसले होते. मी डबा उघडला. पहिला घास घेतेय तोवर पानटपरीकडून धूर येताना दिसला.

मामांनी ती बिडी शेवटपर्यंत ओढली, थोटूक टाचेखाली चिरडलं, सवयीनं सगळे प्रवासी उठले. मामा मात्र सीटवर गेले नाहीत. गाडीच्या पायरीवर बसून राहिले. पहिल्यांदाच ते आरशात न बघता माझ्या तोंडाकडं बघून बोलले.

"ताई, मला बिडी नगं हाय. खरंच नगं. रातच्याला तिच्या तोंडातला तो डाग डोळ्याम्होरं येतो. तीन महिन्यांनी दाखवायचं हाय, दीड गेला, आन् ती दवाखान्यात यायला तयार न्हाई. म्हणती, आधी तुमचं होऊ द्या. मंग सांगा, मी कशापायी वढली आत्ता? चवसुद्दा न्हाई लागली." त्यांनी उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडं बघितलं. "ह्यो हात माझा हाय का आष्टीचा, तेवढं सांगा."

मी त्यांना माझी गोष्ट सांगितली. कर्रर्र ऐकलं की मला भूक लागते, सुटीच्या दिवशी घरी दुपारी भूक लागत नाही, आणि शेजारच्यांच्या गेटचा खिट्टा करकरला की उगाच पोळी आठवते. मामा ऐकत राहिले. हळूहळू त्यांच्या तोंडावर चोर सापडल्यासारखा भाव आला.

"म्हंजी बिडी माझ्या छातीत न्हाईच," ते म्हणाले. "ती हितं हाय. ह्या लिंबाखाली. हँडब्रेकमधी. चाच्याच्या काडीत. मी कॅनॉलमधी भलतीच चीज टाकली."

दुसऱ्या दिवसापासून मामांनी आष्टीविरुद्ध आघाडी उघडली.

पहिली गोष्ट, गाडी लिंबाखाली लावायची नाही. स्टँडच्या पार दुसऱ्या टोकाला, तोंड उलट्या दिशेला करून. प्रवासी गाठोडी घेऊन इकडून तिकडं पळायचे. दुसरी गोष्ट, ड्रायव्हरच्या दारातून उतरायचं नाही. मामा सीटवरून उठून मागं यायचे आणि प्रवाशांच्या दारातून, बायकांच्या टोपल्यांमधून वाट काढत उतरायचे. "मामा, तुमाला येगळं दार हाय न्हवं?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "त्या दारात बिडी बसली हाय." तिसरी, चहा बंद. चहा प्यायला की तोंड धूर मागतं, म्हणून ताक. चाचा तीन दिवस रुसले आणि चौथ्या दिवशी त्यांनी माठ आणला.

हँडब्रेकचं काही करता येत नव्हतं. तो ओढावाच लागायचा. म्हणून मामांनी तो ओढताना मोठ्यानं नाक शिंकरायला सुरुवात केली, म्हणजे कर्रर्र ऐकू येऊ नये.

आणि खिसे. परतूरच्या शिंप्याकडून त्यांनी तिन्ही खाकी शर्टांचे खिसे वरून शिवून घेतले. हात खिशाकडं जायचा आणि कापडावरून घसरून पोटावर यायचा. लोकांना वाटायचं मामांचं पोट दुखतंय. एका बाईनं ओव्याची पुडीसुद्धा आणून दिली. खिसे शिवल्यामुळं लायसन कुठं ठेवायचं हा प्रश्न आला. एकदा रस्त्यात तपासणीवाल्या साहेबांनी गाडी थांबवली आणि लायसन मागितलं. मामांनी शांतपणे जेवणाचा डबा उघडला, वरच्या दोन भाकरी बाजूला केल्या आणि खालून लायसन काढून दिलं. त्याला ठेच्याचं तेल लागलं होतं. साहेबांनी ते दोन बोटांत धरून वाचलं, परत दिलं आणि बोटं हुंगत खाली उतरले.

हे सगळं केल्यावर बिड्या कमी झाल्या. दिवसाला एक, कधी दोन. पण पुरत्या जाईनात. आणि गावाचा गोंधळ तसाच राहिला. गाडी कधी सुटणार हे कुणालाच कळेना. हॉर्न दिला तर लोकांना वाटायचं म्हैस आडवी आलीय. मी शिट्टी फुंकून बघितली, कुणी मान वर करेना. गर्दी मामांच्या तोंडाकडं बघत बसायची, आणि इतकी माणसं तोंडाकडं बघत असली की त्या तोंडाला काहीतरी करावंसं वाटणारच.

मोसंबी मामांनाच सुचली. आमच्या जिल्ह्यात मोसंबीला काय तोटा? एका सकाळी ते पिशवीभर घेऊन आले.

"ताई, बिडी एका हातानं वढता येती," ते म्हणाले. "मोसंबी एका हातानं सोलून दावा बरं."

आष्टीला गाडी थांबली. मामा प्रवाशांच्या दारातून उतरले, मधोमध उभे राहिले आणि दोन्ही हातांनी मोसंबी सोलायला लागले. चाकू नाही. नखांनी, सावकाश, साल एकसंध निघेल अशी. मग पांढरे दोरे काढले. मग एकेक फोड. फोड तोंडात, बी हातात. हात रिकामे नाहीत, तोंड रिकामं नाही. मी घड्याळ लावून बघितलं, बिडीपेक्षा एक मिनिट जास्तच लागलं. मला पोळ्यांनंतर चूळ भरायला वेळ मिळाला.

शेवटची फोड संपली आणि मामा ओरडले, "चला!" त्या दिवशी निम्मेच उठले. आठवडाभरात सगळे उठायला लागले. पंधरा दिवसांनी ओरडावंही लागेना. साल खाली पडली की चहा सांगायचा, शेवटची फोड गेली की उठायचं. एक दिवस हॉटेलात फोन वाजला, चाचांनी उचलला आणि म्हणाले, "हौ गुरुजी, छील रहे. आव." त्या क्षणी मला कळलं की आष्टीनं बिडी सोडली. मामांनी सोडायची बाकी होती, तीही पुढच्या पाचसहा दिवसांत सुटली. नक्की कोणत्या दिवशी ते आम्हाला दोघांनाही सांगता येणार नाही. एका दुपारी लक्षात आलं की परवापासून एकही नाही, मग तेरवापासून, मग मोजणंच राहिलं.

मामींना मी सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही. एक दिवस न सांगता फाट्यावर गाडीत चढल्या, पदर नाकापर्यंत ओढून, आणि बरोब्बर मामांच्या पाठीमागच्या सीटवर बसल्या, आरशात दिसत नाही अशा जागी. इतक्या वर्षांत आरशाची कुठली बाजू आंधळी असते हे त्यांना पाठ झालं होतं. मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. आष्टीला त्यांनी खिडकीतून सगळं बघितलं. सोलणं, दोरे, फोडी. शेवटची फोड उरली तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"सगळी एकट्यानंच गिळली का?" त्या खिडकीतून ओरडल्या.

मामा इतके दचकले की त्यांचा हात पुन्हा खिशाकडं गेला आणि शिवणीवरून घसरला. मामी खाली उतरल्या. त्यांच्या हातातून ती फोड घेतली, तोंडात टाकली, आग होते म्हणून तोंड वाकडं केलं. मग कमरेची डबी काढून त्यांच्या हातात दिली. "घ्या. मी शब्दाची पक्की हाय."

शब्दाच्या पक्क्या होत्या, पण दुसऱ्याच दिवशी दुकानातून नवी डबी आणली. चार दिवसांनी मला एकटीला गाठून म्हणाल्या, "पोरी, मला दिवसभर कायबी वाटत न्हाई. पर सकाळी ह्यांची फटफटी कोपऱ्यावर वळती, फटफट बंद होती, आन् हात कमरेला जातो. मंग घर खायला उठतं बघ."

मी मामांना सांगितलं. ते खूप वेळ हसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मोटारसायकल सुरू न करता ढकलत चौकाच्याही पुढं नेली आणि तिथं किक मारली. आठ दिवस त्यांनी हे केलं. घामानं भिजून डेपोत यायचे. मामींनी नवव्या दिवशी दारात उभं राहून सांगितलं, "उगी छाती फोडून घेऊ नगा. आवाज न्हाई आला तरी मला कळतंच की तुमी गेलात."

"मंग जाऊच नगं का मी?"

"मी येते की संगं."

आणि त्या आल्या. एकेचाळीस दिवस त्या रोज सकाळी आमच्या पहिल्या गाडीला अर्ध्या तिकिटावर होत्या. पुढच्या सीटवर मांडी घालून बसायच्या. दहा दिवसांत त्यांना प्रत्येकाचा थांबा पाठ झाला. माझ्याआधी त्याच ओरडायच्या, "ए, तुझा फाटा आला, झोपलास का?" म्हातारेबाबांसाठी त्या पोरांना उठून जागा द्यायला लावायच्या, आणि मामांनी आरशातून काही म्हटलं की पाठीत बोट टोचून सांगायच्या, "रस्त्याकडं बघा." मोसंबी त्याच सोलायला लागल्या. सगळ्यांना वाटायच्या, त्यामुळं एका मोसंबीच्या चार झाल्या, आणि गाडी पाच मिनिटं उशिरा निघायला लागली.

सहाव्या महिन्यात त्या दवाखान्यात यायला तयार झाल्या. या वेळी मामांनी सुटी काढली. आम्ही तिघं जालन्याला गेलो. वाटेत मामांनी खिशाच्या शिवणीचा एक दोरा उसवून काढला.

तीच तरुण डॉक्टर होती. टॉर्च लावून तिनं खूप वेळ बघितलं. मामा भिंतीला टेकून उभे होते, डोळे मिटून.

"मिसरी सोडली ना?" तिनं विचारलं.

"सोडली," मामी म्हणाल्या.

"दिसतंय. डाग जवळजवळ गेलाय. तुकडा काढायची गरज नाही. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, आणि परत लावू नका."

मामींनी माझा हात धरला. बोटं दुखली इतका घट्ट धरला. मामांनी डोळे उघडले, पंचा काढला आणि तोंड पुसलं. मग डॉक्टर त्यांच्याकडं वळून सहज म्हणाली, "तुम्ही बिडी ओढायचात ना? किती वर्षं? बसा खुर्चीत, तुमचंही तोंड बघून घेते."

मामांनी पंचा खांद्यावर टाकला. "माझं पुढच्या खेपेला बघू मॅडम," ते म्हणाले, "परतीच्या गाडीचा टाइम झाला." आणि निघाले. म्हशीला वाट पुसून जाणारा तो माणूस दवाखान्याच्या पायऱ्या दोन दोन करून उतरला. मी गॅलरीतून बघत होते, रुग्णांच्या रांगेतून, केळीवाल्याच्या गाड्याला वळसा घालून ते गेटाकडं चालले होते. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की सहा महिने हा माणूस बायकोच्या तोंडातला डाग बघत होता आणि स्वतःचं तोंड त्यानं आरशातसुद्धा उघडून बघितलं नव्हतं.

मामी त्यांच्या मागं गेल्या. बुटकी बाई, पण गेटाच्या आत गाठलं. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मामा मान हलवत होते, मामी मान हलवत नव्हत्या. मग त्यांनी मामांचं मनगट धरलं आणि ते दोघं परत येताना दिसले, त्या पुढं, ते मागं.

खोलीत येऊन मामींनी त्यांना खुर्चीत बसवलं. मामांनी माझ्याकडं बघितलं, डॉक्टरकडं बघितलं, शेवटी बायकोकडं बघितलं. ओठ घट्ट मिटलेले.

मामींनी डॉक्टरच्या हातातून टॉर्च घेतला, स्वतः धरला आणि म्हणाल्या, "मी हाय हितं. आ करा."